माझ्या वाट्याची सव्वा मूठ

छोट्या शेठनी आम्हा सगळ्यांना स्वतःचा शोध घ्यायला नेलं, तेव्हा आमच्या टेबलावर दुपारच्या जेवणात रसपुरी असेल की नाही याचीच चर्चा चालली होती. मी सुरतेत, पांडेसऱ्यातल्या एका प्रिंटच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं करते. पॉलिस्टरवर पैठणीचे मोर, बांधणीचे ठिपके, आणि व्यापाऱ्याने मागितलं तर दोन्ही एकाच साडीत. छोटे शेठ कुठलासा कोर्स करून आले होते आणि त्यांचं म्हणणं असं पडलं की, माणसाला आपण कोण हे एकदा कळलं की त्याच्या हातून कामात चुका कमी होतात. मोठ्या शेठनी यावर काही मत दिलं नाही. हॉलमधला एसी नीट चालतो ना, एवढं त्यांनी विचारून घेतलं.

प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला. त्यावर दहा ओळी, प्रत्येक ओळ ‘हुं’ने सुरू होणारी आणि ‘छुं’ने संपणारी, मधली जागा रिकामी. म्हणजे मी अमुक आहे, मी तमुक आहे, असं दहा वेळा लिहायचं. शिकवायला आलेले साहेब म्हणाले, लोक तुम्हाला काय म्हणतात ते विसरा, आतून येईल तेच लिहा. माझ्या शेजारच्या बाईंनी दोन मिनिटांत दहाही ओळी भरल्या. त्यात ‘मी शांत आहे’ अशी एक ओळ होती, आणि ती लिहितालिहिता त्या एसी वाढवणाऱ्याशी भांडत होत्या. माझं घोडं मात्र तिसऱ्या ओळीवर अडलं. पहिलीत डिझायनर लिहिलं. दुसरीत सुरती लिहून खोडलं, मराठी लिहिलं, तेही खोडलं. तिसरीत ‘लेक’ लिहिणार होते, पण कुणाच्या घरची, असा प्रश्न उगाचच मधे आला. मग साहेबांनी डोळे मिटून आत बघायला सांगितलं. मी बघितलं. आत सकाळचा खमण होता आणि तो वर येऊ पाहत होता. बाकी विशेष काही आढळलं नाही. रसपुरी मात्र होती.

हसण्यावारी नेलं खरं, पण तो ‘कुणाच्या घरची’ काही माझी पाठ सोडेना. त्याचं कारण सांगायचं तर आमच्या आबांपासून, म्हणजे वडिलांपासून, सुरुवात करावी लागेल.

आबा एकोणिसाव्या वर्षी शिंदखेड्याकडून सुरतेला आले आणि पांडेसऱ्यातल्या डाइंग हाउसमध्ये लागले. माझ्या लहानपणी त्यांच्या हाताच्या रंगावरून मिलमध्ये कुठला लॉट चालू आहे ते आम्हाला कळायचं. एका लग्नाला ते निळ्या नखांनी गेले आणि नवरीकडच्यांनी त्यांना दवाखाना सुचवला. घरात आम्ही अहिराणी बोलायचो, महापालिकेच्या शाळेत मराठी, गल्लीत गुजराती, आणि रिक्षावाल्याशी हिंदी. इथे मला सगळे ‘मराठी बेन’ म्हणतात. गावी गेले की मी ‘सुरतवाली’, आणि सुरतवालीला भाकरी थापता येत नाही हे तिथे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं. मला येते. पण ती बघायला कुणी थांबत नाही.

आबांनी गाव सोडलं, पण गावच्या रिती नाही सोडल्या. उलट गावी ज्या आता लोक बिनदिक्कत मोडतात त्या आबा सुरतेत निष्ठेने पाळतात. त्यातली एक रीत अशी की, बापाने लग्न झालेल्या लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. माझं लग्न झालं ते अडाजणमधल्या एका नोकरदार घरात. पश्चिम महाराष्ट्रातली माणसं, वाचणारी, हळू बोलणारी. आबा भेटायला यायचे, सोफ्याच्या कडेवर बसायचे, आणि पाणी पुढे केलं की ‘आत्ताच घेतलं’ म्हणायचे. मग खाली उतरून कोपऱ्यावरच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर, दोन ग्लास सोडा प्यायचे. हे मी गॅलरीतून बघितलेलं आहे.

चार वर्षांनी ते लग्न मोडलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही, दोघांनी बसून ठरवलं. आमच्या मोठ्या मायला, म्हणजे आबांच्या थोरल्या भावाच्या बायकोला, नेमका याचाच राग आला. मारझोड नाही, दारू नाही, मग सोडलं कशाला, हे तिने मला इतक्या वेळा विचारलं की शेवटी मलाच वाटायला लागलं, थोडी मारझोड झाली असती तर बरं झालं असतं. मी डिंडोलीत एक लहानसा फ्लॅट घेतला. दारावर माझ्या एकटीचं नाव लावलं. आबा आले, नळ बघितला, खिडकीची कडी बसवून दिली, आणि चहा पुढे केल्यावर म्हणाले, आत्ताच झाला.

आता मला सांगा, हे लेकीचं सासर का? सासर तर सुटलं. मग माहेर का? तेही नाही, माहेर उधन्याला. आबांना ते घर कुठल्या खात्यात घालावं ते कळत नव्हतं, आणि कळेपर्यंत त्यांनी चहा न घेण्याची वाट धरली होती. तीन वर्षं ते येत होते आणि तीन वर्षं त्यांचं सगळं आत्ताच झालेलं असायचं. मी त्यावर विनोद करायची, पण ते गेल्यावर तो कप मोरीत ओतताना मला वाईट वाटायचं. खरं सांगते, फार वाईट वाटायचं.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कानबाई ही खानदेशातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी चौरंगावर नारळाच्या रूपात तिला बसवायचं, नथ, बांगड्या, साडी सगळं घालायचं, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी नदीवर न्यायचं. त्यासाठी आमच्यासारख्यांना गावी जायलाच हवं असं नाही. तापी खानदेशातूनच सुरतेला येते, आमच्यासारखीच, फक्त तिला कुणी विचारत नाही तू कुठली म्हणून. कानबाईचा प्रसाद म्हणजे रोट, गव्हाच्या पिठाची भाजलेली पोळी. त्यासाठी घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात. घरोघरी रीत थोडी वेगळी असते, पण आमच्याकडे ती अशी: ज्यांची मूठ घेतली त्या घरच्यांनीच तो रोट खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही, टाकायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. लग्न झालेली लेक इथे बाहेरची. तिची मूठ तिच्या सासरी.

माझ्या सासरी गौरी-गणपती जोरात, पण कानबाईचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. म्हणजे लग्न झाल्यापासून माझ्या नावाने कुणीच कुठेच मूठ घेतली नव्हती. लग्न मोडल्यावरही मी दर श्रावणात आबांच्या घरी जायची, गहू निवडायची, गाणी म्हणायची, आणि रोट वाढायची वेळ आली की मला वेगळ्या ताटात खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी मिळायची. खीर चांगली असायची. मी तक्रार केली नाही.

मूठ घ्यायचा मान घरातल्या मोठ्या बाईचा, म्हणून मोठी माय खास त्यासाठी गावाहून यायची. ती मुठी भरायची आणि मी शेजारी बसून एकेक नाव वाचायची, कारण नातवंडं इतकी झाली होती की तिचा हिशेब चुकायचा. त्या वर्षी माझ्या भावाला मुलगा झालेला होता. वय तीन महिने, दात शून्य. मी त्याचं नाव वाचलं, मोठ्या मायने सव्वा मूठ गहू परातीत टाकला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की, ज्याला दात नाहीत त्याची मूठ निघते, मग बत्तीस दातवालीची का नको?

मी हसतच म्हटलं होतं. वहिनी हसली, आईही हसली. आबा परातीतल्या गव्हातला न दिसणारा खडा शोधायला लागले. मोठी माय मात्र उत्तर ठेवणारी नाही. ती शांतपणे म्हणाली,

“आंडेरनी मूठ तिना घर निंघस. आठे नही.”

लेकीची मूठ तिच्या घरी निघते, इथे नाही. तिने ते दुष्टपणाने म्हटलं नव्हतं, दुधात साखर किती घालतात हे सांगावं तसं सांगितलं. पण माझा स्वभाव हा असा. मी कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं, ठीक आहे, मग मी माझ्या घरी कानबाई बसवते. मला वाटलं, कुणीतरी म्हणेल, वेडी आहेस का. कुणीच म्हटलं नाही. मोठी माय म्हणाली, बसव, आणि पुढच्या मुठीसाठी हात पसरून नावाची वाट बघत राहिली.

झालं. रागाच्या भरात माणूस घर सोडून जातो, मी देव बसवायचं ठरवून आले. रविवारला चार दिवस होते. मी गहू आणला, धुतला, वाळवला, आणि माझ्या मुठीने माझीच मूठ घेतली. एक पूर्ण आणि वर पाव मूठ. परातीत तो गहू इतकासा दिसला की त्यात मुंग्यांचीच पंगत उठली असती. मिक्सरमधे काढायला गेले तर मिक्सरला कायमचा ठेच्याचा वास, आणि कानबाईला लसूण चालत नाही. म्हणून डब्यात तो एवढासा गहू घेऊन मी गल्लीतल्या घंटीवर, म्हणजे पिठाच्या गिरणीवर गेले. घंटीवाल्या काकांनी डबा हलवून बघितला, झाकण उघडून आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

“बेन, आटलुं तो घंटीमां ज रही जशे. ओछामां ओछुं बे किलो लावो.”

एवढंसं तर घंटीतच राहील, कमीत कमी दोन किलो आणा. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, म्हणजे देवी, मूठ, रोट. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले की तुमची देवी मान्य, पण घंटीला हे कोण समजावणार? मी घरी जाऊन दोन किलो पूर्ण केलं. माझी सव्वा मूठ वर ठेवली, बाकीचा आपला भरतीचा. त्यांनी घंटी धुऊन पुसून दळून दिलं. पीठ घरी आणल्यावर मी सहज मोठ्या मायला फोन केला की, यातलं वरचं सव्वा मूठ पीठ काढून बाकीचं मी रोजच्या पोळ्यांना वापरू ना? तिकडून उत्तर आलं,

“संगे दळाई गयं ते समदं रोटनं.”

सोबत दळलं गेलं ते सगळं रोटाचंच. म्हणजे दोन किलो. बाहेरच्याला द्यायचं नाही, टाकायचं नाही, पौर्णिमेच्या आत संपवायचं, आणि घरची माणसं किती, तर एक. मी म्हटलं, मोठी माय, पौर्णिमा शुक्रवारी आहे. ती म्हणाली, मग रविवारपासूनच बस खायला.

रविवारी मी कानबाई बसवली. नारळाला माझीच नथ घातली, माझ्याच डिझाइनची साडी नेसवली, मोर आणि ठिपके दोन्ही असलेली, कारण घरात कोरी तेवढीच होती. गाणी एकटीने म्हणायला लाज वाटली म्हणून सुरुवातीला मोबाइलवर लावली. मग तो चार्जिंगला लावावा लागला आणि मीच म्हणायला लागले. मला सगळी गाणी येतात हे मला तोवर माहीत नव्हतं. लहानपणापासून मी दर वर्षी बायकांच्या घोळक्यात मागून सूर धरत आले होते, पुढची ओळ कुणीतरी म्हणणारच म्हणून. त्या दिवशी पुढची ओळ मीच म्हणत होते आणि ती येत होती. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी दार उघडून बघितलं, हात जोडले आणि हळूच दार लावलं.

सोमवारी सकाळी कानबाई स्कूटरवर पायाशी, दोन पावलांच्या मधे धरून तापीवर गेले. तिथे आमची सगळी मंडळी आपली कानबाई डोक्यावर घेऊन नाचत आली होती. मी बाजूला उभी राहिले. मोठी माय माझ्याकडे आली, माझ्या नारळाकडे तिने नीट बघितलं, साडीच्या मोरांवरून आणि ठिपक्यांवरून तिची नजर फिरली, मग तिने वाकडी झालेली नथ सरळ केली आणि आपल्या कपाळाचं कुंकू बोटाने घेऊन नारळाला लावलं. आबा पायऱ्यांवर उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण जवळ आले नाहीत.

मग खाण्याचे दिवस सुरू झाले. सकाळी रोट, डब्यात रोट, संध्याकाळी रोट. रोट जाडजूड असतो, एकात माणूस गप्प होतो. कारखान्यात जेवायच्या वेळी मी डबा घेऊन कोपऱ्यात पाठ करून बसायची, कारण ‘मी शांत आहे’वाल्या बाई प्रेमाने माझ्या डब्यात हात घालायच्या आणि मला त्यांचा हात धरावा लागायचा. त्या दुखावल्या. त्यांना कसं सांगणार की या डब्यातलं खायला आधी माझ्या घरचं व्हावं लागतं? मंगळवारी गुळाशी, बुधवारी दुधात कुस्करून, आणि बुधवारी रात्री मी डब्यातलं उरलेलं पीठ बघितलं तर ते अजून निम्म्याहून जास्त होतं. पोट फुगलं होतं. आपण मोठ्या तोऱ्यात स्वतःचं घर जाहीर केलं आणि ते घर एकटीला खाऊन संपत नाही, हे काही कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. मी फक्त आईला फोनवर सांगितलं, तेही पोट दुखतंय, ओवा किती घेऊ, असं विचारताना.

गुरुवारी मी सुट्टी घेतली. सकाळी नऊच्या सुमाराला बेल वाजली. आबा होते. हातात ओव्याची पुडी. मी बसा म्हटलं, चहाचं विचारलं नाही. तीन वर्षांत उत्तर पाठ झालं होतं, उगाच त्यांनाही खोटं बोलायला लावायचं कशाला?

ते बसले नाहीत. मोरीत गेले, हात धुतले, पाय धुतले, आणि स्वयंपाकघरात येऊन फरशीवर मांडी घालून बसले. शेजारीच ताटात सकाळी भाजलेले चार रोट झाकून ठेवले होते. त्यांनी वरचं फडकं काढलं.

मला आधी कळेचना. मग कळलं आणि मी घाबरले. ज्या माणसाने सात वर्षं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही तो माणूस रोटाला हात लावत होता, आणि मोठी माय अजून उधन्यालाच होती. मी म्हटलं, आबा, हा रोट आहे, घरच्यांनीच खायचा असतो. ज्यांची मूठ घेतली त्यांनीच. मला ते कोणी शिकवलं तेही विसरून मी त्यांना सांगत होते.

आबांनी रोट मोडला. मधोमध, अगदी सावकाश.

“सव्वा मूठ तुनी. दोन किलो दळं ना? बाकीना गहू कोना?”

बाकीचा गहू कुणाचा, तर घंटीच्या भरतीचा, पण घंटीवाल्याचं नाव घ्यायची ती वेळ नव्हती.

“मना,” आबा म्हणाले. माझा. आणि पहिला घास तोंडात घातला.

मला रडू आलं. मी तोंड फिरवून गूळ काढायला डबा उघडला आणि तो उगाच शोधत बसले, समोरच होता. मागे आबा चावत होते. त्यांची दाढ एका बाजूची गेलेली आहे, त्यामुळे ते हळू खातात. एक रोट संपायला बराच वेळ लागला. त्यांनी मधेच सांगितलं की आच मोठी ठेवल्यामुळे आत कच्चा राहिलाय. मग पाणी मागितलं. मी तांब्या भरून दिला. तो त्यांनी रिकामा करून खाली ठेवला आणि दुसऱ्या रोटाकडे हात नेला.

निघताना त्यांनी पिठाचा डबा उघडून आत बघितलं, हाताने वजन केलं, पौर्णिमेपर्यंतचा हिशेब मनाशी केला असावा. चपला घालत ते म्हणाले,

“सकाय बी येसू.”

उद्याही येतो म्हणाले. येताना गंगाफळ आणतो, भाजी कर म्हणाले, आणि जिना उतरायला लागले.